ढग पळवणारं विमान

जुलै संपत येतो, बाजरी-कपाशी हिरवी होऊन वर पाहत असते, आणि पाथर्डी-शेवगावच्या आभाळात ढगांची नुसती पळापळ चालू होते. पश्चिमेकडून येतात, डोक्यावरून जातात, थेंब टाकत नाहीत. वारा इतका की टोपी हातानं धरून चालावं. कृषी सहायक म्हणून माझी नोकरी सगळी नगर जिल्ह्यात, त्यातही बहुतेक कोरड्या पट्ट्यात गेली. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, माझ्या दप्तरावर जवळजवळ शेवटपर्यंत अहमदनगर होतं, म्हणून तेच तोंडी येतं.) या उघडिपीच्या दिवसांत गावात गेलं की पिकाचं काही बोलायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असे. "भाऊसाहेब, ह्या विमानातून काय सोडत्यात ओ? ढग दाटला की येतंय, आन पांगवून जातंय."

कोण सोडतं, यावर मात्र कधीच एकमत झालं नाही. कुणी म्हणे विमा कंपन्या. पाऊस पळवला तर भरपाई कंपनीलाच द्यावी लागेल ना, असं मी म्हणालो की उत्तर तयार असे, "मग पायजे तवा पाडत आसतील." कुणी साखरवाल्यांचं नाव घेई, कुणी बियाणंवाल्यांचं, कुणी थेट अमेरिकेचं. त्याआधी काही वर्षं सगळा आळ पवनचक्क्यांवर होता. सुप्याजवळ कवड्याच्या डोंगरावर आणि पुढं खांडक्याच्या बाजूला पाती फिरायला लागली, त्याच सुमाराला दुष्काळही पडले. मग पाती ढग ढकलतात हे गावोगाव ठरूनच गेलं. चक्कीचं पातं वर गेलं तरी जमिनीपासून शे-सव्वाशे मीटरांत, आणि पावसाळी ढगाचा तळ त्याच्याही कित्येक पट वर. हे सांगून फारसा फरक पडत नसे. पातं फिरताना दिसतं, ढग जाताना दिसतो, दोन्ही एकाच वेळी दिसतात; एवढा पुरावा माणसाला पुरतो.

खरं कारण सह्याद्री आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीत, हंगामात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. घाट चढताना वाऱ्यानं पाणी टाकलेलं असतं. अलीकडं उतरताना हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते. मोसमी वारा सर्वांत जोरात वाहतो तो जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर, आणि आपले उघडिपीतले ढग नेमके त्याच थरात अडकलेले, पातळ, उंची न धरलेले. त्यांना पळवायला कुणाची गरज नाही. ते पळतेच असतात. पूर्वेच्या तालुक्यांची भिस्त म्हणून तर परतीच्या पावसावर.

मराठवाड्याचा मुद्दा जरा निराळा, तो मी कधी हसण्यावारी नेला नाही. "आमचा ढग पैठणला नेऊन फोडत्यात" असं कुणी म्हणालं की त्यामागं मुळा आणि भंडारदरा धरणांचं पाणी असतं. समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, आणि पाणी सुटतं त्या दिवशी नगरच्या शेतकऱ्यानं नदीकाठी बसून ते जाताना पाहिलेलं असतं. धरणातलं पाणी जाऊ शकतं, तर ढगातलं का नाही? गणित चुकीचं असेल, पण मांडणारा बावळट नव्हे.

आता विमानामागं उमटणाऱ्या पांढऱ्या रेघेकडं येऊ. पावसाळ्यात ती दिसत नाही. विमान ढगांच्या वर असतं, खाली फक्त घरघर येते. रेघ दिसते ती हरभरा घाट्यावर असताना, स्वच्छ निळ्या आभाळात. विमानाचं इंधन म्हणजे एक प्रकारचं रॉकेल. एक किलो जळालं की सुमारे सव्वा किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो म्हणून इंधनाहून पाण्याचं वजन जास्त. बाहेर उणे चाळीस अंश किंवा त्याहून जास्त थंडी असली की ती वाफ काजळीच्या कणांवर गोठते आणि बर्फाच्या सुयांची रेघ उमटते. आपल्या अक्षांशावर एवढी थंडी साधारण पस्तीस-छत्तीस हजार फुटांच्या वर मिळते. गुऱ्हाळावर पहाटे काहिलीवरची वाफ छपरापर्यंत तरंगत राहते आणि दुपारी दिसेनाशी होते, त्यातलाच हा प्रकार. वरची हवा कोरडी असली तर रेघ विमानामागं लगेच पुसली जाते. दमट असली तर तास-तास राहते, पसरते, तिचा पातळ ढग होतो.

एका फेब्रुवारीत खळ्यावर बसलेल्या पोरांना मी मोबाइलवर विमानांचा माग दाखवणारं फ्लाइटरडार ॲप उघडून दाखवलं. दोन विमानं डोक्यावर, एकाला लांब शेपूट, दुसऱ्याला काहीच नाही. शेपूटवालं आखातातून पूर्वेकडं निघालेलं, एकोणचाळीस हजार फुटांवर. बिनशेपटाचं देशातलंच, बत्तीस हजारांवर. पोरं गप्प झाली. मग एक जण म्हणाला, "ॲपबी त्यांचंच आसंल." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि कुणाकडंच नसतं. त्या आठवड्यात रेघा फार वेळ टिकत होत्या, म्हणून मी हरभरा काढून घ्या एवढं सांगितलं. उत्तरेकडं पश्चिमी झंझावात सरकत आला की वरच्या थरात आधी ओल येते, रेघा रेंगाळतात, पाठोपाठ कधी अवकाळी येतो. दर वेळी नाही, पण खुणेपुरतं ते धरता येतं. रेघ दिसली आणि नंतर गारा पडल्या, तेव्हा रेघेनं गारा पाडल्या, असं लोक म्हणतात ते इथूनच.

खरं तर पटायचा तो वेगळाच मुद्दा, शेतकऱ्याच्या रोजच्या कामातला. मी विचारायचो, दुपारी वाऱ्यात तुम्ही फवारता का? सगळे म्हणत, नाही, औषध शेजाऱ्याच्या वावरात जातं. मग अकरा किलोमीटरवरून, जिथं ताशी शंभर-शंभर किलोमीटरचा वारा असतो, तिथून कुणी बारीक भुकटी सोडली तर ती पाथर्डीवर पडेल का? ती खाली यायलाच कित्येक दिवस लागतील आणि तोवर बंगालचा उपसागर ओलांडून गेलेली असेल. हे ऐकून डोकी हलत. फवारणीचं शास्त्र त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. तरी प्रामाणिकपणे एक सांगितलं पाहिजे: विमान ढगाला भोक पाडतच नाही असं नाही. गोठणबिंदूच्या खाली असूनही पाणीच राहिलेल्या थेंबांचा पातळ थर असेल, तर त्यातून जाणाऱ्या विमानामुळं थेंब गोठतात, खाली झरतात आणि ढगात गोल खिडकी पडते. त्याची छायाचित्रं आहेत, त्यावर अमेरिकेत संशोधनही झालं. पण ती खिडकी त्या थरापुरती, आणि तो थर पाऊस देणारा नसतो.

श्रीगोंदा तालुक्यात होतो तेव्हा एका आजोबांनी मला पारावर अडवलं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेला माणूस. ते म्हणाले, "तुम्ही सांगताय काय सोडीत न्हाईत म्हणून. म्या सोता पाह्यलंय. दोन पंख्यांचं, पोटुशी म्हशीवानी इमान. ढगात शिरायचं, निघायचं, परत शिरायचं. मीठ टाकीत्यात म्हणायची मानसं." पार हसला. मीही तो दिवस आजोबांच्या वयावर सोडून दिला असता, पण मीठ हा शब्द डोक्यात राहिला. मनानं रचून सांगणारा माणूस मीठ म्हणत नाही, विष म्हणतो.

पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठात प्रशिक्षणाला गेलो असताना एका प्राध्यापकांनी शोधनिबंधाची झेरॉक्स हातात ठेवली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं अहमदनगर-बारामती भागातच, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ढगांत मीठ पेरण्याचा प्रयोग केला होता. १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६, असे अकरा पावसाळे. विमान डीसी-३, म्हणजे जुनं डाकोटा: दोन पंखे, मोठं पोट. मिठाच्या अगदी बारीक पुडीत शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली. आजोबांच्या डोळ्यांत काही कमी नव्हतं.

त्या कागदांत मला सर्वांत भावली ती मांडणी. भाग तीन केलेले: उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मधला मोकळा. त्या दिवशी उत्तरेत पेरायचं की दक्षिणेत, हे शास्त्रज्ञानं ढग बघून ठरवायचं नाही. ते आधीच यदृच्छेनं, चिठ्ठी निघावी तसं, ठरलेलं. पेरलेल्या भागाचा पाऊस न पेरलेल्या भागाशी ताडून बघायचा, मग दुसऱ्या दिवशी कदाचित उलट. पाऊस मोजायची मापं दोन्हीकडं. अकरा पावसाळ्यांचा हिशेब घालून निष्कर्ष असा निघाला, की पेरलेल्या बाजूला सुमारे २४ टक्के जास्त पाऊस, आणि हा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता ४ टक्के. सगळे ढग दाद देत नव्हते. किलोमीटरभर तरी जाड आणि पाणी धरून असलेलेच देत होते. पातळ ढगात मीठ टाकून उपयोग नव्हता.

मला हे लगेच समजलं, याचं कारण आमचा पीक कापणी प्रयोग. गावात कुणाच्या वावरात कापणी करायची हे आम्ही ठरवत नाही. गट नंबर यदृच्छ आकड्यांवरून निघतो, त्या गटात प्लॉटचा कोपराही तसाच निघतो, तिथं दोर लावायचा, कापायचं, मळायचं, वजन करायचं. आणि दर वर्षी कुणीतरी म्हणणारच, "माझाच नंबर बरा निघाला, पाटलाचं हिरवंगार सोडून." मी स्वतः वावर निवडलं असतं तर संशय रास्तच ठरला असता, निवड माझ्या हातात नाही, हीच त्या आकड्याची किंमत. श्रीगोंद्याच्या त्या आभाळातही तीच पद्धत वापरली होती. कुणी वाईट हेतूनं फवारत असेल तर तो न फवारलेला तुकडा शेजारी ठेवून दोन्हींची मापं छापत बसणार नाही.

आजोबांना सगळं सांगायला मी मुद्दाम गेलो. पार या वेळी हसला नाही. आजोबांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हंजी आमच्या डोक्यावर अकरा वर्सं परयोग. कुणी इचारलं?" कुणी विचारलं नव्हतं. प्रयोगाचं सगळं छापलेलं होतं, जगभरचे शास्त्रज्ञ वाचू शकत होते; फक्त ते इंग्रजीत, नियतकालिकांत होतं आणि चावडीच्या फळ्यावर नव्हतं. लपवाछपवी झाली नव्हती आणि सांगितलंही गेलं नव्हतं. या फटीतून जेवढे संशय वाढताना मी पाहिले, तेवढे अडाणीपणातून वाढताना पाहिले नाहीत.

त्यानंतर विमानं तीनदा गाजावाजा करून आली. २००३ च्या दुष्काळात राज्य सरकारनं अमेरिकन कंपनी बोलावून ढग पेरले. २०१५ ला औरंगाबादेत विभागीय आयुक्त कार्यालयाच्या छतावर रडार बसलं आणि मराठवाड्यावर उड्डाणं सुरू झाली. २०१९ ला मंत्रिमंडळानं तीस कोटी मंजूर केले; ऑगस्टमध्ये इकडं विमान ढग हुडकत होतं आणि त्याच दिवसांत सांगली-कोल्हापूर पुरात बुडालेलं. या उड्डाणांची चर्चा आमच्या सीमेवरच्या गावांत व्हायचीच. काल कोणत्या ढगात काय टाकलं आणि किती पडलं, हे मला गावकऱ्यांनी विचारावं आणि मी वर विचारावं. उत्तर खाली येईपर्यंत पीक वाळून गेलेलं असे. वर कुठं कागद अडकला, ते सांगून आता उपयोग नाही. पण ज्यानं ऊन-वाऱ्यात उभं राहून गावाला उत्तर द्यायचं, त्याच्या हाती काही नसतं, ही गोष्ट त्रासाची होती.

त्याच सुमारास, २०१८ आणि २०१९ मध्ये, पुण्याच्या त्याच संस्थेनं सोलापूरला पुन्हा नीट प्रयोग केला. या वेळी मिठाऐवजी विमानाच्या पंखाला लावलेली कॅल्शियम क्लोराइडची नळकांडी, ढगाच्या तळाशी जाळायची. काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत, आणि वाऱ्याच्या दिशेनं शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के वाढ, असं २०२३ ला प्रसिद्ध झालं. हे आकडे मी बैठकीत सांगितले तेव्हा एकानं नेमकं बोट ठेवलं: "शंभर मिलिमीटरचे एकशेअठरा व्हतील. शून्याचं किती?" ढगच नसेल तर शून्याचं शून्यच. हा माणूस चौथी शिकलेला. मला वाटतं, या सगळ्या वादात मी ऐकलेलं सर्वांत शहाणं वाक्य ते.

मोबाइल स्वस्त झाल्यावर प्रश्नांचं रूप पालटलं. आता ढगाबरोबर लोकसंख्या, आजार, बेरियम, ॲल्युमिनियम हेही आलं. एका फोटोत विमानात ओळीनं पिंपं ठेवलेली, खाली लिहिलेलं की हेच ते विष. ती पिंपं पाण्याची असतात. नवं विमान चाचणीला उडवताना प्रवाशांचं वजन म्हणून ठेवतात, पाणी इकडून तिकडं पंपानं फिरवता येतं. विष फवारणाऱ्या विमानांची कहाणी मूळची अमेरिकेतली. १९९६ ला तिथल्या हवाई दलात हवामानावर ताबा मिळवण्याचा एक कल्पनाविस्तार लिहिला गेला, त्यावरून रेडिओवर चर्चा झाल्या आणि रेघांवर संशय धरला गेला. २०१६ ला ७७ तज्ज्ञांना विचारलं, ७६ म्हणाले गुप्त फवारणीचा पुरावा नाही. तरी टेनेसीनं २०२४ ला आणि फ्लोरिडानं २०२५ ला त्याविरुद्ध कायदे केले. म्हणजे आपल्या पारावरच्या मंडळींनी एकट्यांनीच लाजायचं कारण नाही. आणि लाज वाटायचीच तर दुसरी बाजूही बघावी: व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनं १९६७ ते १९७२ शत्रूच्या वाटा चिखलात घालायला खरोखर चोरून ढग पेरले होते. ते उघडकीला आल्यावरच हवामानाचा शस्त्र म्हणून वापर बंद करणारा १९७७ चा आंतरराष्ट्रीय करार झाला. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं जात होतं, २००० पर्यंत. तिथल्या माणसांच्या हालांबद्दल कुणाला पुरावा मागायची गरज नाही. पण ते खालून, झाडांच्या शेंड्यावरून, सगळ्यांच्या देखत चालायचं.

मला राग येतो तो इथं. विमानावर बोलायचं म्हटलं की ग्रामपंचायतीचा हॉल भरायचा. सुरक्षित फवारणीचं प्रशिक्षण ठेवलं की पहिल्या रांगेत मी, सरपंच आणि औषधाच्या दुकानाचा प्रतिनिधी. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, अंगावर साधा सदरा. आमच्याकडंही कपाशी तशीच आणि मिश्रणंही तशीच. मी वाटलेले हातमोजे आणि चष्मे घरोघर खुंटीला टांगलेले पाहिले आहेत, दिवाळीला घराला रंग देताना वापरलेलेही पाहिले. अकरा किलोमीटरवरच्या रेघेतलं काल्पनिक रसायन दिसतं, आणि पाठीवरच्या पंपाच्या गळक्या वॉशरमधून मणक्यावर उतरणारं खरं रसायन दिसत नाही. आता तर उसावर, सोयाबीनवर ड्रोन येतो. परवा एका वस्तीवर ड्रोन फवारत असताना बायका खाली खुरपत होत्या. त्यांना मी बांधावर आणलं, तर त्या मलाच म्हणाल्या, "खताचंच हाय, साहेब."

ऑगस्ट २०२३. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून तो नोंदला गेला. खरिपाच्या विम्यात पावसाचा २१ दिवस खंड पडला की आगाऊ २५ टक्के भरपाईची मागणी करता येत होती, आणि खंड ठरायचा तो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून. दिवसभरात अडीच मिलिमीटर पडला की पावसाचा दिवस, खंड तुटला. मी ज्या गावात होतो तिथं शाळेतल्या गुरुजींनी आवारात साधं मापी नळकांडं बसवलं होतं. पोरं रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहायची. त्या वहीत ओळीनं शून्य. मंडळाचं केंद्र आठ-दहा किलोमीटर लांब, तिथं मधेच एक सर येऊन गेलेली. एका सरीनं अख्ख्या मंडळाचा खंड मोडला.

गाव पेटलं. मला बोलावलं. विमान, अमेरिका यांतलं अवाक्षर निघालं नाही. केंद्र कुठं बसवलंय, जवळ झाड आहे का, नोंद कोण तपासतं, हे प्रश्न होते. एकाहून एक नेमके. शाळेच्या वहीला कायद्यानं वजन नाही हे मी सांगितलं, तरी अर्जाला वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि तालुक्याला नेऊन दिल्या. शेरा आला तो अपेक्षेप्रमाणेच: मंडळाच्या केंद्राची नोंद ग्राह्य. मग ग्रामसभेत ठराव झाला की गावाला स्वतःचं हवामान केंद्र मिळावं. ठराव चांगला मुद्देसूद होता. शेवटी कुणीतरी "तसेच सदर काळात आलेल्या विमानांची चौकशी व्हावी" अशी ओळ घुसडली होती. मी ग्रामसेवकाकडं पाहिलं. त्यांनी ती खोडली नाही, खाली अनुमोदकाचं नाव लिहून सही घेतली.